डॉकिंग: आधी ओळखीचा रेणू परत जागेवर बसवा

श्रावण-भाद्रपदात जालना, बीड, परभणी या पट्ट्यात कापसावर फवारे सुरू झाले की दवाखान्यांत विषबाधेचे रुग्ण दिसू लागतात. बाहुल्या बारीक झालेल्या, अंगाला दरदरून घाम, तोंडाला लाळ. डॉक्टर लगेच ॲट्रोपिन सुरू करतात. मोनोक्रोटोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट औषधं अंगात जाऊन अडवतात ती एका एन्झाइमला, ॲसिटाइलकोलिनएस्टरेझला. मज्जातंतूने दिलेला निरोप पोचला की तो पुसून टाकायचं काम या एन्झाइमचं. ते बंद पडलं की निरोप पुसलाच जात नाही, आणि ग्रंथी, स्नायू, श्वास सगळंच एका वेळी बिघडतं.

याच एन्झाइमला वेगळ्या रीतीने, सुटता येईल असं धरून ठेवणारं डोनेपेझिल नावाचं औषध स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना देतात. एन्झाइममधला तोच खळगा. एक रेणू तिथं विष ठरतो, दुसरा औषध.

डॉकिंग म्हणजे रेणू प्रथिनाच्या खळग्यात कसा बसेल ते संगणकावर पाहणं. एम.फार्म. आणि एम.एस्सी.च्या मुलामुलींसाठी त्यावरचा हा लेख लिहिताना मी हेच उदाहरण घेतलं आहे. घरी कापूस असलेल्या विद्यार्थ्याला हे एन्झाइम परकं वाटत नाही, हे एक कारण. त्याहून मोठं कारण असं की या गणिताचं उत्तर आधीच माहीत आहे. डोनेपेझिल त्या खळग्यात नेमकं कसं बसतं ते क्ष-किरणांनी पाहून ठेवलेलं आहे. ज्याचं उत्तर माहीत नाही असं गणित सोडवण्याआधी, ज्याचं माहीत आहे ते आपल्या पद्धतीने सुटतं का, हे पाहायला हवं.

मला हे उशिरा कळलं. शिकत असताना मी एका वनस्पतीतले चाळीसेक रेणू एका प्रथिनावर डॉक केले, सगळ्यांत चांगल्या स्कोअरचा रेणू लाल रंगात दाखवला आणि एका परिषदेत पोस्टर लावलं. पाहायला आलेल्या एका ज्येष्ठ मॅडमनी एकच विचारलं, "बाळा, मूळ स्फटिकातला लिगँड परत त्याच्या जागेवर बसला का?" लिगँड म्हणजे प्रथिनाच्या खळग्यात बसलेला रेणू. मी तो बसवूनच पाहिला नव्हता. घरी येऊन पाहिलं तेव्हा तो खळग्याबाहेर, प्रथिनाच्या पाठीवर चिकटला होता. म्हणजे माझे चाळीसही आकडे निरर्थक होते. सहा महिन्यांचं काम गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून पुढची प्रत्येक पायरी सावकाश सांगते.

डॉकिंग म्हणजे काय, थोडक्यात

प्रोग्राम दोन कामं करतो. रेणूला फिरवून, वळवून, त्याचे बंध पिळून खळग्यात वेगवेगळ्या स्थितींत बसवून बघतो, हे पहिलं. अशा प्रत्येक स्थितीला 'पोझ' म्हणतात. प्रत्येक पोझ किती घट्ट बसेल याचा अंदाजी आकडा देतो, हे दुसरं. तो आकडा म्हणजे स्कोअर. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची कल्पना मांडली, १९५८ मध्ये कोशलंड यांनी कुलूपसुद्धा किल्लीप्रमाणे थोडं वळतं असं सांगितलं, आणि १९८२ मध्ये कुंट्झ यांच्या गटाने हे काम संगणकाकडून करून घेतलं. आपण वापरणार ते ऑटोडॉक विना २०१० मध्ये ट्रॉट आणि ओल्सन यांनी प्रसिद्ध केलं. विनात रेणू वळतो, प्रथिन मात्र दगडासारखं स्थिर धरलेलं असतं. ही मर्यादा शेवटपर्यंत लक्षात असू द्या.

यंत्र आणि फोल्डर

चार कोअरचा, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) चालू करून त्यात उबंटू घ्या. विना, मीको (विनासाठी फायली तयार करणारं) आणि ओपन बॅबल (रेणूंच्या फायली बदलणारं) ही कामाची सॉफ्टवेअर, आणि बघण्यासाठी किमेरा-एक्स. शिक्षणासाठी सगळी फुकट मिळतात. क्रॅक केलेलं महागडं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर फिरत असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यावरचा निकाल शोधनिबंधात छापता येत नाही.

फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता द्या. जुनी टूल्स जागा असलेल्या नावांवर अडखळतात आणि चूक नेमकी कुठं आहे ते सांगत नाहीत. आत चार फोल्डर करा: कच्च्या फायली, तयार फायली, निकाल, नोंदी. कच्च्या फायलींना पुन्हा हात लावायचा नाही. नोंदींमध्ये रोजची तारीख, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि काय बदललं ते लिहायचं. प्रयोगशाळेच्या वहीला जो मान देता तोच या फाइलला द्या.

पायरी पहिली: रचना निवडणं

प्रथिनांच्या रचना प्रोटीन डेटा बँकेत, म्हणजे पीडीबीत, मिळतात. १९७१ मध्ये ही बँक सुरू झाली तेव्हा तिच्यात सात रचना होत्या. आज दोन लाखांहून जास्त आहेत. एकाच एन्झाइमच्या शेकडो रचना असतात, आणि यादीतली पहिली दिसली ती उचलणं ही नेहमीची चूक.

आपण ४-ई-वाय-७ हा कोड घेऊ. ही मानवी ॲसिटाइलकोलिनएस्टरेझची रचना आहे, खळग्यात डोनेपेझिल बसलेलं आहे आणि रिझोल्यूशन २.३५ आँगस्ट्रॉम (अणूंची अंतरं मोजायचं एकक) आहे. रिझोल्यूशनचा आकडा जितका लहान तितकं चित्र स्पष्ट. डॉकिंगसाठी शक्यतो २.५ च्या वर जाऊ नका. बऱ्याच निबंधांत १-ई-व्ही-ई ही रचना दिसते. तिच्यातही डोनेपेझिल आहे, पण एन्झाइम टॉर्पेडो माशाचं आहे आणि अवशेषांचे, म्हणजे प्रथिनातल्या अमिनो आम्लांचे, क्रमांक वेगळे आहेत. माशातला ट्रिप्टोफॅन ८४ माणसात ८६ होतो. एका रचनेवर डॉक करून दुसरीचे क्रमांक चर्चेत लिहिलेले प्रबंध मी पाहिले आहेत.

पीडीबीत रचनेच्या पानावर व्हॅलिडेशन रिपोर्टही असतो. तो उघडून लिगँडभोवतीची इलेक्ट्रॉन घनता पाहा. घनता धूसर असेल तर त्या लिगँडची जागा संशोधकांनी अंदाजाने ठरवलेली असू शकते, आणि तुम्ही तिलाच बरोबर उत्तर मानून बसाल. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही.

पायरी दुसरी: प्रथिन साफ करणं

या रचनेत एकाच एन्झाइमच्या दोन साखळ्या आहेत. 'ए' ठेवा, 'बी' काढा. डोनेपेझिल या फाइलीत ई-२० या नावाने आहे. ते डिलीट करण्याआधी वेगळ्या फाइलीत जतन करा, निर्देशांक अजिबात न हलवता. हीच आपली उत्तरपत्रिका आहे.

प्रथिनाला चिकटलेल्या साखरा आणि स्फटिक बनवताना वापरलेल्या द्रावणाचे रेणू काढता येतील. पण 'प्रथिन सोडून सगळं पुसा' अशी सरसकट सवय लावून घेऊ नका. कार्बोनिक अनहायड्रेझमधलं झिंक पुसलं तर खळग्याचा प्राणच जातो. क्षयरोगाच्या जिवाणूतल्या इन्हा एन्झाइमवर काम करत असाल तर एनएडीएच हा सहघटक खळग्याची एक भिंतच असतो. प्रत्येक वस्तू काढण्याआधी ती तिथं का आहे, हे मूळ निबंधात वाचा.

पाण्याबद्दल दोन मतं आहेत. ॲसिटाइलकोलिनएस्टरेझचा खळगा म्हणजे सुमारे २० आँगस्ट्रॉम खोल, अरुंद घळ. तिच्यात पाण्याचे रेणू ठरावीक जागी बसलेले दिसतात. पहिल्या फेरीत सगळं पाणी काढा. दुसऱ्या फेरीत लिगँडजवळचं, प्रथिनाशी घट्ट बांधलेलं पाणी ठेवून पाहा आणि कोणत्या फेरीत उत्तर जुळतं ते नोंदवा.

मग हायड्रोजन. क्ष-किरणांच्या अशा रचनेत हायड्रोजन दिसत नाहीत, ते आपल्याला घालावे लागतात. ॲस्पार्टेट, ग्लुटामेट आणि विशेषतः हिस्टिडिन यांची प्रभारस्थिती पीएच ७.४ ला काय असेल ते प्रॉपकासारख्या साधनाने तपासा. या एन्झाइमच्या क्रियाशील जागी सेरीन २०३, हिस्टिडिन ४४७ आणि ग्लुटामेट ३३४ असं त्रिकूट आहे. त्यातल्या हिस्टिडिनचा हायड्रोजन कोणत्या नायट्रोजनवर आहे, ते डोळ्यांनी पाहून घ्या. साखळीचा एखादा तुकडा रचनेत गायब असेल आणि खळग्यापासून लांब असेल तर डॉकिंगला अडचण नाही. पुढे डायनॅमिक्स करताना, म्हणजे प्रथिन हलवून पाहताना, मात्र तो भरावा लागेल. शेवटी फाइल पीडीबीक्यूटी, म्हणजे विना वाचतं त्या, स्वरूपात जतन करा.

पायरी तिसरी: रेणू तयार करणं

पबकेम या रेणूंच्या डेटाबेसमधून डोनेपेझिल उतरवा, पण सपाट द्विमितीय फाइल नको. विना बंधांची लांबी, कोन आणि वलयांचा आकार बदलत नाही, फक्त फिरणारे बंध फिरवतं. तुम्ही वाकडं वलय दिलं तर ते शेवटपर्यंत वाकडंच राहतं. म्हणून ओपन बॅबलने त्रिमितीय रचना बनवून तिची ऊर्जा किमान करून घ्या, आणि डोनेपेझिलमधलं पायपेरिडिन वलय खुर्चीच्या आकारात आलं का ते पाहा.

नंतर दोन गोष्टी, ज्या घाईत राहून जातात. डोनेपेझिलच्या पायपेरिडिनमधला नायट्रोजन शरीराच्या पीएचला प्रोटॉन घेऊन धनप्रभारित असतो. तो प्रोटॉन घातला नाही तर प्रोग्राम त्या नायट्रोजनला हायड्रोजन बंध देणारा न समजता घेणारा समजतो, आणि पोझ बदलू शकते. शिवाय डोनेपेझिलमध्ये एक कायरल केंद्र आहे, म्हणजे त्याची एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं असतात. बाजारातलं औषध दोन्ही रूपांचं मिश्रण असतं, स्फटिकात 'आर' रूप दिसतं. कायरॅलिटी न लिहिलेल्या सूत्रापासून त्रिमितीय रचना बनवली तर सॉफ्टवेअर कोणतं तरी एक रूप निवडतं आणि तुम्हाला सांगतही नाही. दोन्ही रूपं वेगळी बनवा, वेगळी डॉक करा.

स्फटिकातून काढलेला ई-२० जसाच्या तसा डॉकिंगला देऊ नका. त्याची वलयं आणि कोन आधीच त्या खळग्याच्या मापाचे असतात. ते म्हणजे परीक्षेत उत्तर फळ्यावर लिहून ठेवण्यासारखं होईल. नव्याने बनवलेला रेणू द्या.

पायरी चौथी: ग्रिड बॉक्स

कुठं शोधायचं ते बॉक्स ठरवतो. स्फटिकातल्या लिगँडच्या सगळ्या अणूंच्या एक्स, वाय आणि झेड निर्देशांकांची सरासरी काढा, तो मध्यबिंदू. लिगँड ज्या दिशेला जितका लांब आहे त्यात साधारण १० आँगस्ट्रॉम मिळवा, ती बाजू. डोनेपेझिल लांबट असल्याने सुमारे २४ आँगस्ट्रॉमची बाजू होईल. बॉक्सचं आकारमान २७,००० घन आँगस्ट्रॉमच्या पुढे गेलं की विना स्वतःच इशारा देतं, कारण तेवढ्या जागेत शोध विरळ होतो. माझ्या पोस्टरचं हेच झालं होतं. मी अख्ख्या प्रथिनाभोवती बॉक्स टाकला होता आणि शोधाची खोली मूळ ८ वरच ठेवली होती.

बॉक्स किमेरा-एक्समध्ये डोळ्यांनी पाहा. घळीचं तोंड आणि तळ दोन्ही आत आले पाहिजेत.

पायरी पाचवी: परत बसवणं, म्हणजेच रीडॉकिंग

आता खरी परीक्षा. एक्झॉस्टिव्हनेस, म्हणजे शोधाची खोली, ३२ करा, नऊ पोझ मागवा, सीड क्रमांक (शोधाची यादृच्छिक सुरुवात ठरवणारा आकडा) स्वतः लिहून द्या आणि वेगवेगळ्या तीन सीडांनी चालवा. साध्या लॅपटॉपवर हे काही मिनिटांचं काम आहे.

निकाल आला की बहुतेकांची नजर पहिल्या ओळीतल्या स्कोअरवर जाते. तो आकडा तात्पुरता झाका. आधी आरएमएसडी काढा, म्हणजे डॉक केलेल्या पोझमधला प्रत्येक जड अणू (हायड्रोजन सोडून इतर) स्फटिकातल्या आपल्या जागेपासून सरासरी किती लांब पडला ते. २ आँगस्ट्रॉमच्या आत असेल तर रेणू आपल्या जागी बसला असं मानतात.

इथं तीन खड्डे आहेत. विनाच्या निकालात दोन आरएमएसडी रकाने छापून येतात, ते स्फटिकाशी तुलना करून काढलेले नसतात. ते विनाच्याच पहिल्या पोझशी तुलना करून काढलेले असतात. पहिल्या ओळीत शून्य दिसतं ते म्हणूनच. ते शून्य 'उत्कृष्ट प्रमाणीकरण' म्हणून छापलेलं मी पाहिलं आहे. दुसरा खड्डा असा की बघण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन रेणू एकमेकांवर सरकवून, जुळवून मग आरएमएसडी काढला जातो. असं केलं तर प्रथिनाच्या दुसऱ्या टोकाला पडलेला रेणूही बरोबर वाटेल. निर्देशांक न हलवता मोजायचं. आणि तिसरा, बेंझीन वलय अर्ध्या फेऱ्याने फिरलं तरी रसायनाच्या दृष्टीने तेच असतं, पण अणूंच्या क्रमांकाने मोजलं तर आरएमएसडी उगाच वाढतो. ओपन बॅबलसोबतचं ओबीआरएमएस हे साधन ही सममिती लक्षात घेतं.

आकड्यावर थांबू नका, पोझ उघडून पाहा. डोनेपेझिलचं बेंझिल वलय घळीच्या तळाशी ट्रिप्टोफॅन ८६ वर पालथं पडलेलं असायला हवं. दुसऱ्या टोकाचं इंडॅनोन वलय घळीच्या तोंडाशी ट्रिप्टोफॅन २८६ ला लागून, आणि त्याचा कार्बोनिल ऑक्सिजन फेनिलॲलॅनिन २९५ च्या पाठकण्याशी हायड्रोजन बंध करताना दिसला पाहिजे. हे तीन हात जुळले तर तुमची पद्धत या खळग्याची भाषा बोलते.

जुळलं नाही तर? घाबरू नका, पण पुढेही जाऊ नका. स्फटिकातली पोझ विनाला देऊन फक्त तिचा स्कोअर काढून घ्या, जागच्या जागी थोडी सैल करून. स्फटिकातल्या पोझचा स्कोअर तुम्हाला सापडलेल्या पोझपेक्षा चांगला आला, तर बरोबर जागा प्रोग्रामला सापडलीच नाही. शोध वाढवा, बॉक्स तपासा. उलट, चुकीच्या पोझचाच स्कोअर चांगला असेल तर शोध नीट झाला आहे, पण स्कोअरिंग या खळग्याला न्याय देत नाही. तेव्हा पाणी ठेवून पाहा, प्रोटॉन आणि कायरॅलिटी पुन्हा तपासा, आणि तरीही नाही जमलं तर दुसरं स्कोअरिंग किंवा दुसरा प्रोग्राम घ्या. हा फरक ओळखता आला की महिने वाचतात.

पायरी सहावी: दुसरे ओळखीचे रेणू

एका रेणूवर पद्धत जुळली म्हणजे सगळीकडे जुळली असं नाही. गॅलँटामिन बसलेली मानवी रचना ४-ई-वाय-६ आहे, ह्युपरझिन-ए असलेली ४-ई-वाय-५. हे दोन रेणू आपल्या ४-ई-वाय-७ मध्ये डॉक करा आणि त्यांच्या स्वतःच्या स्फटिकांशी ताडून पाहा. त्यासाठी आधी प्रथिनं एकमेकांवर जुळवा, लिगँड नव्हे. घळीतला टायरोसिन ३३७ वेगवेगळ्या रेणूंसाठी वेगवेगळ्या बाजूला वळतो, आणि विनाचं प्रथिन तर स्थिर. म्हणून इथं निकाल थोडा बिघडला तर कारण बहुधा तिथं सापडेल.

त्यानंतर खरे आणि खोटे रेणू मिसळा. केम्बल या डेटाबेसमधून प्रयोगात या एन्झाइमला अडवणारे दहा-वीस रेणू घ्या, आणि २०१२ मध्ये आलेल्या डीयूडी-ई संचातून साधारण तेवढ्याच वजनाचे, पण निष्क्रिय मानलेले पाच-सहाशे. हे एन्झाइम त्या संचात आहे. सगळे डॉक करून स्कोअरप्रमाणे लावा. खरे रेणू वर जमा झाले का? खऱ्या-खोट्यांची सरमिसळ झाली असेल तर तुमची पद्धत नव्या रेणूबद्दल काहीही सांगू शकत नाही, मग त्याचा स्कोअर कितीही देखणा असो.

खऱ्यांच्या यादीत रिव्हास्टिग्मिन हे स्मृतिभ्रंशाचं दुसरं औषध घालू नका. ते सेरीन २०३ शी सहसंयुज बंध करतं. मोनोक्रोटोफॉससारखी फवारणीची औषधंही तिथंच असा बंध करतात, त्यांचा तर आणखी चिवट. साधं डॉकिंग रासायनिक बंध तयार होताना पाहतच नाही. 'अमुक कीटकनाशकाचा स्कोअर डोनेपेझिलपेक्षा कमी, म्हणून ते कमी घातक' असं वाक्य कुणी लिहिलं तर ते नुसतं चूक नाही, धोक्याचं आहे.

पायरी सातवी: आता तुमचा रेणू

इथपर्यंत आल्यावर नवा रेणू डॉक करायचा हक्क मिळतो. रेखाटन करताना एका वेळी एकच बदल करा. डोनेपेझिलची पोझ पाहून घळीत कुठं जागा रिकामी आहे, कुठं हायड्रोजन बंधाला जोडीदार नाही, ते शोधा. तिथं एखादा मिथाइल किंवा हायड्रॉक्सिल जोडा, डॉक करा, मूळ रेणूशी ताडून पाहा. आणि तो रेणू आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीन-चार टप्प्यांत बनवता येईल का, हे संश्लेषण शिकवणाऱ्या सरांना आधीच विचारा. बनवताच न येणारा रेणू कितीही छान बसला तरी कागदावरच राहतो.

आता स्कोअर वाचायला हरकत नाही. विना स्कोअर किलोकॅलरी प्रति मोलमध्ये देतं. खोलीच्या तापमानाला सुमारे १.४ किलोकॅलरीचा फरक म्हणजे बंधनात दहापट फरक. आणि अशा स्कोअरिंगची चूक साधारण २ ते ३ किलोकॅलरी असते. म्हणजे उणे ८.४ आणि उणे ८.९ मध्ये काहीही फरक नाही. कितीतरी प्रबंध अशाच अर्ध्या किलोकॅलरीवर निष्कर्ष उभारतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यात मोठ्या रेणूला जास्त अणू असल्यामुळेच चांगला स्कोअर मिळतो. म्हणून स्कोअरला जड अणूंच्या संख्येने भागून पाहा. डोनेपेझिलचे जड अणू २८.

मराठवाड्यात या पायरीवर एक रेणू हमखास येतो: कुर्कुमिन. वसमत-हिंगोलीची हळद आपल्या अभिमानाची, त्यामुळे तिचा रेणू घेऊन काम करावंसं वाटणं साहजिक आहे. पण सावध राहा. कुर्कुमिन सूत्रात बऱ्याचदा डायकीटोन म्हणून काढतात, द्रावणात मात्र ते मुख्यतः इनॉल रूपात असतं. दोन्ही रूपांच्या पोझ वेगळ्या येतात. त्याचे २७ जड अणू आणि लांब, लवचीक सांगाडा कुठल्याही खळग्यात बरा स्कोअर मिळवतात. आणि प्रयोगात ते फसवं आहे: उदासीन पीएचच्या बफरमध्ये काही मिनिटांत विघटित होतं, गोळे करून एन्झाइमला उगाच अडवतं, स्वतः प्रकाश शोषतं आणि चमकतं. अनेक चाचण्यांत खोटा होकार देणाऱ्या अशा रेणूंना 'पेन्स' म्हणतात, आणि ही कल्पना २०१० पासून औषधरसायनात रुळली आहे. हळदीवर काम करायचं तर कुर्कुमिनपेक्षा त्यापासून बनवलेला स्थिर, डायकीटोन काढून टाकलेला रेणू घ्या. आपल्या हळदीला त्यातच जास्त न्याय मिळेल.

पायरी आठवी: डायनॅमिक्स, गरज असेल तर

डॉकिंगचं प्रथिन स्थिर असतं, म्हणून निवडक दोन-तीन पोझ पाण्यात सोडून हलवून पाहतात. ग्रोमॅक्स हे फुकट साधन आहे. प्रथिन, रेणू, पाणी आणि ०.१५ मोलर मीठ एका डब्यात भरायचं आणि २ फेम्टोसेकंदांच्या पावलांनी चालवायचं. १०० नॅनोसेकंद म्हणजे अशी ५ कोटी पावलं. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर यात दिवसेंदिवस जातात. मार्गदर्शकांमार्फत विद्यापीठाच्या किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या संगणकावर वेळ मागता येतो. तो अर्ज प्रकल्पाच्या सुरुवातीलाच करा.

लाईट जाण्याची चिंता असेल तर ऐका: ग्रोमॅक्स आपोआप दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट लिहितं. लाईट आल्यावर त्या फाइलपासून पुढे चालू करता येतं, पहिल्यापासून नाही. कुणीतरी हे मला पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं.

नव्या रेणूचे पॅरामीटर, म्हणजे त्याच्या बंध-कोनांचे आकडे, आपोआप बनवून मिळतात, पण त्यांच्यासोबत येणारे दंडगुण (तो अंदाज किती कच्चा आहे ते सांगणारे) वाचा. फार मोठे असतील तर तो बंध किंवा कोन नीट बसवावा लागतो. एकाच लांब धावेपेक्षा वेगवेगळ्या सुरुवातीच्या वेगांनी केलेल्या तीन छोट्या धावा जास्त खरं सांगतात. तिन्हींत रेणू जागेवर टिकला आणि ट्रिप्टोफॅन ८६ चा हात सुटला नाही, तर पोझवर विश्वास वाढतो. एकीत टिकला आणि दोनींत निसटला, तर तसंच लिहा.

पायरी नववी: कुपी

आपल्याकडं बोअर घेण्याआधी जमिनीची पाहणी करतात. पाहणी कुठं खणायचं ते सांगते, पाणी लागलं की नाही ते खणल्यावरच कळतं. डॉकिंगचं काम पाहणीचं आहे. आणि या एन्झाइमसाठी खणणं आपल्या आवाक्यात आहे, म्हणूनही मी ते निवडलं.

एलमन यांनी १९६१ मध्ये दिलेली पद्धत बहुतेक फार्मसी कॉलेजांत असलेल्या यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरवर होते. एन्झाइम ॲसिटाइलथायोकोलिन तोडतं, सुटलेला थायोकोलिन डीटीएनबी या अभिकर्मकाशी मिळून पिवळा रंग देतो, आणि तो ४१२ नॅनोमीटरला मोजतात. रंग जितका हळू वाढेल तितका तुमचा रेणू एन्झाइमला अडवतो आहे. डोनेपेझिल तुलनेसाठी सोबत ठेवा. बाजारात सहज मिळतं ते एन्झाइम विद्युत ईल माशाचं असतं, आणि तुमचं डॉकिंग मानवी एन्झाइमवर झालेलं आहे; हे निबंधात स्पष्ट लिहा.

निबंधाच्या पद्धती विभागात पीडीबी कोड, साखळी, ठेवलेलं पाणी, प्रोटॉनस्थिती, बॉक्सचा मध्य आणि बाजू, एक्झॉस्टिव्हनेस, सीड, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि रीडॉकिंगचा आरएमएसडी हे सगळं द्या. नांदेडच्या मुलीने ते वाचून लातूरच्या लॅपटॉपवर तुमचाच निकाल काढला पाहिजे.

आणि हळदीचा रेणू तपासत असाल तर प्रत्येक तीव्रतेसाठी एन्झाइम न घातलेली एक वेगळी कुपी ठेवा. कुर्कुमिन स्वतःच पिवळं आहे, त्याचं शोषण ४२५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतं, म्हणजे ४१२ च्या अगदी शेजारी. शिवाय त्याच्या साखळीतले दुहेरी बंध थायॉलशी (थायोकोलिनमध्ये असतो तसा गंधक-हायड्रोजनचा गट) अभिक्रिया करू शकतात, आणि एलमनची सगळी चाचणी थायॉलवरच उभी आहे. त्या एन्झाइम नसलेल्या कुपीचं वाचन वजा केल्यावर जे उरेल, तेवढंच तुमच्या रेणूचं.